लोगोत तिरंगा, चक्र आणि सिंह: वापरता आलं तरी आपलं होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतीपंपांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, नव्या ब्रँडसाठी लोगो तयार आहे. वर केशरी पट्टी, खाली हिरवी, मधल्या पांढऱ्या जागेत गडद निळं गिअर. गिअरला दाते चोवीस. नावात 'नॅशनल' हवं आहे. पुढे आखातात आणि युरोपात माल पाठवायचा विचार आहे. डिझायनरचं म्हणणं, हे चक्र नव्हे, गिअर आहे, कायद्याचा संबंधच येत नाही. सीए म्हणतात, या भानगडीत पडू नका. आणि तुमचं म्हणणं, बाजारात इतक्या खोक्यांवर तिरंगा दिसतो, मग अडचण आम्हालाच का?

सीएंचं ऐका. मात्र त्यांनी दिलेलं कारण, म्हणजे दंड होईल, हे या प्रकरणातलं सगळ्यात किरकोळ कारण आहे. राष्ट्रीय चिन्ह लोगोत घेताना बहुतेक जण विचारतात, 'हे वापरता येईल का?' ट्रेडमार्कच्या कामात इतकी वर्षं घातल्यावर मी त्याच्याआधी दुसरंच विचारतो: 'हे तुमचं होईल का?' ट्रेडमार्क म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. जे चिन्ह साऱ्या देशाचं आहे, त्याच्या बळावर तुम्ही पलीकडच्या कारखानदाराला अडवू शकत नाही. आणि ज्यावर हक्क सांगता येत नाही अशा चित्रावर पॅकिंग, डीलरचे बोर्ड, साच्यांवरची कोरीव खूण यांचा खर्च करायचा, हे दुसऱ्याच्या जमिनीवर पक्कं घर बांधण्यासारखं आहे.

आधी कायदा पाहू, कारण डिझायनरचा युक्तिवाद तिथेच मोडतो.

मूळ कायदा १९५० चा, बोधचिन्हं आणि नावं यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा. त्याच्या कलम ३ नुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय अनुसूचीतलं, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतलं, कोणतंही नाव किंवा चिन्ह व्यापार-धंद्यासाठी, ट्रेडमार्कमध्ये किंवा डिझाइनमध्ये वापरता येत नाही. अनुसूचीत राष्ट्रध्वज आहे. 'अशोकचक्र' आणि 'धर्मचक्र' ही नावं आहेत, आणि ध्वजावर किंवा सरकारी मुद्रेत दिसतं त्या अशोकचक्राचं चित्रही आहे. पण तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग पुढचा आहे: मनाई फक्त हुबेहूब चिन्हाला नाही, त्याचा भास निर्माण करणाऱ्या नकलेलाही आहे. म्हणजे 'आमचं चक्र नाही, गिअर आहे' हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं असलं तरी पुरेसं नाही. बघणाऱ्याला काय दिसतं, यावर सगळं ठरतं.

तुमच्या चित्राला ही कसोटी लावून बघा. रंग तेच, क्रम तोच, पट्ट्या आडव्या, पांढरी जागा मध्ये, तिच्यात निळं वर्तुळ. यातल्या एक-दोन गोष्टी असत्या तर वाद घालता आला असता. पाचही एकत्र आल्यावर दहा फुटांवरून तो तिरंगाच दिसतो, आणि खोकं दुकानात दहा फुटांवरूनच बघितलं जातं. वर दाते चोवीस. उद्या समोरच्या वकिलाने विचारलं की बारा नाहीत, अठरा नाहीत, चोवीसच का, तर तुम्ही काय सांगणार? डिझायनरला पाठवलेल्या व्हॉट्सॲपमध्ये 'तिरंग्याचा फील हवा' असं लिहिलं असेल, तर त्याचं उत्तर तुम्ही आधीच देऊन ठेवलंय.

'मग मधलं गिअर केशरी करू' असं कोणीतरी सुचवेल. करू नका. आडव्या नारिंगी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्या आणि मध्ये नारिंगी गोल हा नायजर देशाचा ध्वज आहे. पट्ट्या उभ्या केल्या की आयव्हरी कोस्टचा होतो, आणि त्याच उलट्या क्रमाने लावल्या तर आयर्लंडचा. जगात दोनशेच्या आसपास देश आणि ध्वजात वापरायचे रंग मोजके, त्यामुळे पट्ट्यांशी खेळताना कोणाच्या ना कोणाच्या झेंड्यावर पाय पडतोच. निर्यात करायची असेल तर ही गंमत राहत नाही. त्याबद्दल पुढे.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ याच धाग्याने पुढे जातो. कलम ९(२)(ड) म्हणतं, ज्या चिन्हाचा वापर १९५० च्या कायद्याने निषिद्ध आहे त्याची नोंदणी होणार नाही. ही हरकत 'बरीच वर्षं वापरतोय, लोक ओळखतात' असं सांगून निघत नाही. वर्णनात्मक शब्दाच्या बाबतीत ती सवलत आहे, इथे नाही. ट्रेडमार्क कार्यालयात अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाला शंका असेल तर प्रश्न केंद्र सरकारकडे पाठवता येतो आणि तिथला निर्णय अंतिम असतो. म्हणजे तुमचा ब्रँड लाँच होऊन बाजारात गेलेला, आणि फाइल दिल्लीत.

आता दंडाचं. १९५० च्या कायद्याने ठरवलेला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि खटला भरायलाही सरकारची मंजुरी लागते. २०१६ साली रिलायन्स जिओ आणि पेटीएम यांच्या जाहिरातींत पंतप्रधानांचं छायाचित्र झळकलं. पंतप्रधानांचं नाव आणि चित्र याच अनुसूचीत आहे. नोटिसा गेल्या, दोन्ही कंपन्यांनी माफी मागितली. त्या जाहिरातींचा खर्च आणि ५०० रुपये यांची तुलना तेव्हा सगळीकडे झाली. त्यावरून 'कायदा दात नसलेला आहे' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी दुसरा कायदा वाचायला देतो.

तो म्हणजे भारताच्या राजमुद्रेच्या अनुचित वापरावरचा २००५ चा कायदा. सारनाथच्या अशोकस्तंभावरचे सिंह, खाली 'सत्यमेव जयते', २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेली ही मुद्रा. सरकारशी संबंध असल्याचा आभास होईल असा तिचा किंवा तिच्या नकलेचा वापर केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गैरमार्गाने लाभ मिळवण्यासाठी ती धंद्यात वापरली असेल तर कैद किमान सहा महिने, वर दंड. तीन सिंहांच्या मुखांची नुसती काळी छाया काढली, खालचा बैल-घोडा काढून टाकला, बोधवाक्य गाळलं, तरी सुटका नाही. उलट कोणासारखं दिसायचं होतं ते त्यातून जास्तच स्पष्ट होतं. गाडीच्या काचेवर आणि 'अखिल भारतीय' अमुक-तमुक संघटनेच्या ओळखपत्रावर हे सिंह लावून फिरणारे आपण रोज बघतो. ते पकडले जात नाहीत म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत, आणि तुमच्यासारख्या पत्ता-जीएसटी क्रमांक छापणाऱ्या कंपनीला शोधणं त्यांच्यापेक्षा फार सोपं आहे.

एकटा सिंह मात्र कोणाचाच नाही. तो बसलेला, चालणारा, गर्जना करणारा, कसाही काढा. फक्त त्याच्या अंगात गिअर भरू नका, कारण चालणाऱ्या सिंहाच्या अंगात दातेरी चाकं ही 'मेक इन इंडिया' मोहिमेची खूण आहे, सप्टेंबर २०१४ पासूनची, आणि ती सरकारची आहे. मोहिमेत सामील व्हायला कोणाची हरकत नाही, पण ती खूण आपल्या उत्पादनाच्या छापासारखी लावायला परवानगी लागते.

तिसरा कायदा १९७१ चा, राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा. त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. तो लोगोसाठी बनलेला नाही, पण त्यातली ध्वजाची व्याख्या कंपन्यांच्या लक्षात येत नाही: ध्वज म्हणजे फक्त कापडी झेंडा नव्हे, त्याचं किंवा त्याच्या भागाचं कोणतंही चित्र, छायाचित्र, कशावरही केलेलं. ध्वजावर काही लिहिणं, रुमाल-नॅपकिन-उशांवर किंवा कपड्यांच्या कापडावर तो छापणं किंवा भरतकामात काढणं हे त्यात अवमानाच्या उदाहरणांत नोंदलेलं आहे. २००२ ची ध्वजसंहिताही सांगते की ध्वज कोणत्याही जाहिरातीत वापरायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नवीन जिंदल प्रकरणात नागरिकाचा सन्मानाने झेंडा फडकवण्याचा हक्क मान्य केला, आणि पुष्कळांनी त्याचा अर्थ 'आता झेंडा मोकळा झाला' असा घेतला. तसं नाही. कारखान्याच्या छतावर झेंडा फडकवा, तो तुमचा हक्क आहे. त्याच झेंड्यावर कंपनीचं नाव घालणं हा नाही.

इथे आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट विस्ताराने सांगण्यासारखी आहे. १९५० च्या कायद्याच्या त्याच अनुसूचीत महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांच्यासोबत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे. सवलत आहे ती फक्त कॅलेंडरपुरती, तीही कॅलेंडरवर छापणाऱ्याचं आणि बनवणाऱ्याचं नाव एवढंच असेल आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी वापरलं जात नसेल तर. महाराजांचं नाव या यादीत आल्यावर महाराष्ट्रातल्याच एका बिडी उत्पादकाला, साबळे वाघिरे आणि कंपनीला, त्याचा फटका बसला, कारण त्यांच्या बिडीवर महाराजांचं नाव आणि चित्र होतं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७५ मध्ये न्यायालयाने कायदा घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. बिडीचं नाव 'संभाजी' झालं. छत्रपती संभाजी महाराजांचं नाव अनुसूचीत नाही, त्यामुळे कायद्याने अडचण नव्हती. पण पुढे लोकांनी हरकत घेतली, आंदोलनं झाली, आणि काही वर्षांपूर्वी तेही नाव जाऊन 'साबळे बिडी' आलं.

या प्रकरणातून मी अशिलांना दोन गोष्टी दाखवतो. पहिली, अनुसूची वाढू शकते. केंद्र सरकार अधिसूचना काढून तिच्यात नावं घालू शकतं, आणि तुम्ही आधीपासून वापरत होता ही ढाल तिथे चालत नाही. ज्या नावाचा मान सगळ्या समाजाला वाटतो, ते आज यादीत नसेल तरी उद्या नसेलच असं नाही. दुसरी, यादीत नसणं म्हणजे निर्धोक असणं नव्हे. तंबाखू, मद्य, चपला, पायपुसणी, शौचालयाचं सामान अशा मालावर आदराचं प्रतीक लावलं की कायद्याच्या आधी लोक येतात. २०१७ च्या जानेवारीत ॲमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर भारतीय ध्वजाची पायपुसणी विकायला दिसली, तेव्हा माल तिसऱ्याच विक्रेत्याचा होता, पण तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाब ॲमेझॉनला विचारला आणि तो माल हटवावा लागला. उंची वस्तूंनाही हे चुकत नाही. माँ ब्लां कंपनीने २००९ मध्ये गांधीजींच्या नावाचं सोन्याचं पेन काढलं, दांडी यात्रेच्या २४१ मैलांवरून २४१ नग. केरळ उच्च न्यायालयात याचिका गेली आणि कंपनीला भारतातली विक्री थांबवावी लागली.

मग काय मोकळं आहे? वाघ, मोर, कमळ, वड, आंबा, हत्ती, गंगेतला डॉल्फिन. ही राष्ट्रीय प्रतीकं म्हणून पाठ्यपुस्तकात असतात, पण १९५० च्या अनुसूचीत नाहीत. वाघ राष्ट्रीय प्राणी म्हणून लोगोत घालायला कोणाची परवानगी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या मुद्रेतला वाघ तर तो राष्ट्रीय प्राणी व्हायच्या कितीतरी आधीचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवर सिंह आणि ताडाचं झाड होतं, बँकेने सिंहाच्या जागी वाघ घेतला. म्हणून वाघ आणि ताड यांची जोडी मात्र टाळा, विशेषतः वित्तीय सेवेत.

पण मोकळं आहे म्हणूनच ते तुमचं होणं अवघड. ट्रेडमार्कच्या नोंदवहीत वाघ, मोर आणि कमळ इतके आहेत की नव्या अर्जदाराला आधीच्या चिन्हांच्या हरकतींचीच रांग लागते. शोध घेताना नुसतं नाव टाकू नका, चित्राचा शोधही घ्या. त्यासाठी व्हिएन्ना वर्गीकरण आहे: प्राणी तिसऱ्या गटात, यंत्रं पंधराव्यात, कुलचिन्हं-नाणी-प्रतीकं चोविसाव्यात, आणि त्यातला २४.७ हा उपगट झेंड्यांचा. तुमचं चित्र पंधरा आणि चोवीस दोन्हीत नोंदलं जाईल, आणि २४.७ हा क्रमांक समोर दिसला की परीक्षक सावध होतो. कमळाबद्दल एक व्यावहारिक सूचना: ते एका पक्षाचं निवडणूक चिन्हही आहे. तुमचा ग्राहक सगळ्या पक्षांत आहे, हे लक्षात ठेवून ठरवा.

धर्मचक्राबद्दलही विचारणा येते, विशेषतः बौद्ध संस्थांशी जोडलेल्या उद्योजकांकडून. आठ आऱ्यांचं धम्मचक्र आणि ध्वजावरचं चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र ही दोन वेगळी चित्रं आहेत. तरीही 'धर्मचक्र' हे नाव अनुसूचीत आहे, आणि धार्मिक भावना दुखावण्याची शक्यता असलेल्या चिन्हाला ट्रेडमार्क कायद्यात वेगळी मनाई आहे. विहारावर, ग्रंथावर ते शोभतं. मालावर लावू नका.

नकाशाची अडचण याहून छुपी आहे, आणि माझ्या मते लोगोत ती सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. डिझायनर भारताचा आकार 'सोपा' करतात: उत्तरेकडचा भाग बोथट होतो, ईशान्य भारत एका टोकात गोळा होतो, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप गायब. १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमात तरतूद आहे की सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लोगो दोन सेंटिमीटरचा असला की बेटं छपाईत ठिपक्याएवढीही उरत नाहीत, आणि तोच लोगो ट्रकच्या बाजूवर मोठा झाला की उणीव स्पष्ट दिसते. युरोपातल्या खरेदीदाराला पाठवलेल्या माहितीपत्रकात परदेशी साइटवरचा फुकट नकाशा चिकटवला, तर सीमा भलत्याच दिसतात. लोगोत नकाशा नकोच. वितरणाचं जाळं दाखवायला हवा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचाच घ्या.

नावाकडे येऊ. 'नॅशनल' हा शब्द कंपनीच्या नावात घ्यायला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. कंपनी स्थापनेच्या २०१४ च्या नियमांत अशा शब्दांची यादीच आहे: नॅशनल, युनियन, सेंट्रल, रिपब्लिक, राष्ट्रपती, कमिशन, अथॉरिटी वगैरे. १९५० ची अनुसूचीही सरकारी पाठबळ सुचवणाऱ्या नावांना मनाई करते. तुमच्यासारख्या खासगी उत्पादकाला ही मंजुरी मिळणं कठीण, आणि मिळाली तरी कंपनीचं नाव नोंदणं म्हणजे ट्रेडमार्क मिळणं नव्हे. 'भारत', 'इंडिया', 'हिंद' हे शब्द वापरायला एवढा अडथळा नाही, पण ते ठिकाण दाखवतात. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९(१) खाली परीक्षक म्हणेल, यात तुमचं वेगळेपण काय? नोंदणी झालीच तर ती 'भारत'वर नाही, पुढच्या शब्दावर तोलली जाते. मग तोच शब्द धडपणे निवडा ना.

आता तुमचा मुख्य आक्षेप, की बाकीचे करतात. करतात खरे. त्यातल्या काही सरकारी कंपन्या आहेत, काहींना परवानगी आहे, काही चिन्हं फार जुनी आहेत. बऱ्याच जणांनी नोंदणीचा अर्जच केलेला नाही, म्हणून त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही. काहींची नोंदणी परीक्षकाच्या नजरेतून सुटून झाली आहे, पण तसं झालेलं चिन्ह नंतर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ५७ खाली नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी कोणीही बाधित व्यक्ती करू शकते. आणि ती करतो स्पर्धक, नेमका तुम्ही मोठे झाल्यावर. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला की विरोध करायला चार महिने असतात. या चार महिन्यांत स्पर्धकाच्या वकिलाला तुमच्या मालाबद्दल काही बोलायचीही गरज नाही, तो फक्त झेंड्याकडे बोट दाखवेल. मी दुसऱ्या बाजूने उभा असतो तेव्हा मीही तेच करतो.

तेव्हा दंड ५०० चा असला तरी किंमत दुसरीकडे मोजली जाते: नोंदणी नाही म्हणून ऑनलाइन बाजारपेठेत ब्रँडची नोंद अडकते, गुंतवणूकदाराच्या तपासणीत 'हे चिन्ह कोणाचं?' हा प्रश्न येतो, ओतकामाच्या साच्यातून खूण काढून नवी कोरावी लागते, आणि डीलरकडचे बोर्ड स्वखर्चाने बदलावे लागतात. चहापेक्षा किटली गरम.

निर्यातीच्या बाबतीत ट्रेडमार्क-पेटंटसारख्या हक्कांवरच्या आंतरराष्ट्रीय पॅरिस कराराचं ६-टेर कलम लागू होतं. १९२५ पासून ते सदस्य देशांना एकमेकांची राजचिन्हं, ध्वज, सरकारी शिक्के यांची ट्रेडमार्क नोंदणी नाकारायला सांगतं. भारत या करारात डिसेंबर १९९८ मध्ये सामील झाला. म्हणजे तिरंग्याचा भास होणारं चित्र भारतात कसंबसं निसटलं तरी युरोपात पुन्हा अडेल. तिथली अधिकारी मंडळी हे किती काटेकोरपणे बघतात याचं ठळक उदाहरण म्हणजे कॅनडाच्या मेपल पानाचं प्रकरण. एका कंपनीने मेपलच्या पानाखाली 'आरडब्ल्यू' अक्षरं असलेलं चिन्ह नोंदवायला घेतलं. १६ जुलै २००९ रोजी युरोपीय न्यायालयाने नकार कायम ठेवला. ग्राहकाचा कॅनडाशी संबंध असल्याचा गैरसमज होतो की नाही, हेही पाहायची गरज पडली नाही. पानाच्या चित्रात ध्वजावरच्या पानाची नक्कल आहे, तेवढं पुरलं. तुमच्या गिअरचं आणि त्या पानाचं नशीब वेगळं असेल असं मला वाटत नाही.

उलट दिशेची चूकही आपल्याकडे होते: 'स्विस तंत्रज्ञान' सुचवायला लाल चौकोनात पांढरा क्रॉस. स्वित्झर्लंड त्यांच्या चिन्हाबाबत फार जागरूक आहे. तिथे २०१७ पासून लागू असलेल्या नियमांनुसार औद्योगिक वस्तूला स्विस म्हणवायचं तर उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथे व्हावा लागतो. टोब्लेरोन चॉकलेटच्या मालकांनी उत्पादनाचा काही भाग स्लोव्हाकियात नेला, तर २०२३ मध्ये खोक्यावरचं मॅटरहॉर्न शिखरसुद्धा काढावं लागलं. आणि भारतातही १९६० चा जिनिव्हा करार कायदा रेड क्रॉसच्या चिन्हासोबत या स्विस चिन्हाच्या व्यापारी वापराला मनाई करतो. औषधाच्या दुकानांवर लाल क्रॉस लावणाऱ्यांनीही हा कायदा एकदा वाचावा.

राहिली १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची शुभेच्छापत्रं. लोगो दोन दिवसांसाठी तिरंगी करण्याची फॅशन आहे, आणि त्यातला सर्वांत वाईट प्रकार म्हणजे चक्राच्या जागी कंपनीचा लोगो बसवणं. ते ध्वजावर मजकूर लिहिण्याच्याच जवळ जातं. रंगांच्या मोकळ्या छटा, पतंग, फुलं, कागदी फिती चालतील. ध्वजाचं पूर्ण चित्र घ्यायचं तर त्याला स्वतंत्र ठेवा, त्यावर आणि त्याच्या खांबाला लागून काही लिहू नका, आणि त्याच चौकटीत '४० टक्के सूट' तर अजिबात नको. देशप्रेम आणि सेल एका पोस्टमध्ये आले की लोकांना ते खटकतं.

देशाचा अभिमान दाखवायचाच असेल तर शब्दांत दाखवा. 'भारतात बनवलेलं' हे साधं विधान खरं असेल तर कोणी अडवत नाही. ते खोटं असेल, म्हणजे सुटे भाग बाहेरून आणून इथे फक्त खोक्यात भरले जात असतील, तर मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. पंपाच्या भागांत धातूची नोंद आणि आयातीची कागदपत्रं कोणाच्याही हाती लागतात, तेव्हा हे विधान छापण्यापूर्वी खरेदी विभागाला विचारा.

तुमच्या चित्राचं काय करायचं ते आता सांगतो. गिअर ठेवा, ते तुमच्या धंद्याशी जुळतं. पट्ट्या पूर्ण काढा, नुसत्या वाकवू किंवा तिरक्या करू नका. गिअर निळं नको. ओतीव लोखंडाचा काळा किंवा तांब्याचा रंग घ्या. दाते नऊ किंवा अकरा असले तर छोट्या छपाईतही मोजता येतात, चोवीस दाते तसेही चिखलासारखे दिसतील. आत भरीव चकती ठेवा, आऱ्या नकोत. आणि गिअरच्या पोटात पंपाच्या पंख्याची वाकडी पाती घातलीत, तर ते चित्र खरोखर तुमचं होईल, कारण नुसतं गिअर पुष्कळांकडे आहे. अर्ज आधी काळ्या-पांढऱ्या चित्राचा करा, म्हणजे संरक्षण एका रंगाला बांधलं जात नाही. सोबत नावाचा स्वतंत्र अर्ज, दोन्ही वर्ग ७ मध्ये, म्हणजे यंत्रं आणि त्यांच्या भागांच्या गटात. फॉर्म टीएम-ए ऑनलाइन भरलात तर शुल्क प्रत्येक अर्जाला ९,००० रुपये, लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर ४,५००. 'नॅशनल' सोडा. तुमच्या गावाचं किंवा आडनावाचंही नको, ती दोन्ही परीक्षकाला आवडत नाहीत. दोन-तीन घडवलेले शब्द माझ्याकडे किंवा तुमच्या वकिलाकडे पाठवा, नोंदवहीत शोध घेऊन मग डिझायनरला फोन करा. सध्याच्या लोगोची खोकी छापायला गेली असतील तर ती ऑर्डर आजच थांबवा.